चार बोटांचं अंतर

धनावडे,

परवा साताऱ्याहून मेढ्याला येताना मी डावीकडच्या खिडकीशी बसले होते. एका वळणावर पुढं एक दूधवाला सायकलवरून चालला होता, दोन्ही बाजूंना किटल्या लटकवून. आमच्या गाडीनं त्याला इतकं घासून ओलांडलं की मला त्याच्या किटलीच्या झाकणावरचा पोचा दिसला. मी बसल्या जागेवरून ओरडले, "अहो, दोन हात! दोन हात सोडा!" सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली. शेजारच्या आजींनी मला पाणी हवंय का विचारलं. ड्रायव्हरनं आरशातून एकदा बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडं डोळे लावले. तुम्ही असता तर गाडी बाजूला घेऊन, मागं वळून सांगितलं असतं, "बाई, चार बोटं हुती की."

मी निघाले होते तुमच्याच घरी. बारा दिवसांपूर्वी मुल्ला कंडक्टर आमच्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. अंगात खाकी गणवेश, पण हातात तिकिटांचा पत्र्याचा डबा नाही. डब्याशिवाय मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं, त्यामुळं काहीतरी बिनसलंय हे लगेच समजलं. "बाई, आमचं धनावडे गेलं," ते म्हणाले. "सकाळी च्या घेतला, पायरीवर बसलं आन् गेलं. मेढ्यासनं बूथवरनं फोन आला." यावर माणसं काय बोलतात ते मला माहीत आहे, शाळेत शोकसभेचं भाषण दर वेळी मीच करते. पण मी म्हणाले, "असं कसं? मला त्यांना एक सांगायचं होतं!" जसं काही तुम्ही परवानगी न घेता वर्गाबाहेर गेला होतात. मुल्ला बिचारे टोपी काढून उभे राहिले. "आता कुनाला सांगता, बाई," एवढंच म्हणाले.

तर ते राहिलेलं इथं लिहिते आहे. साडेचार वर्षं लिहायला जमलं नाही. आणि तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्याविषयी लिहायला मला एरवी कधी अडचण पडत नसे.

आपली ओळख करून द्यायला मध्ये कुणी नव्हतं. माझी वाडीच्या शाळेत बदली झाली आणि सांगलीहून रोज सायकलनं जायचं मी ठरवलं. नऊ किलोमीटर, सपाट रस्ता, दोन्हीकडं ऊस आणि हळद. रस्ता डांबरी, पण एका गाडीपुरता. डांबर संपलं की वीतभर खाली काळी माती, आणि पावसाळ्यात त्या मातीत सायकल गेली तर ती ओढून काढायला बैलजोडीच हवी. म्हणून मी डांबर सोडायची नाही. तुमची सकाळची सांगली–वाडी गाडीही डांबर सोडायची नाही. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मागून येऊन मला असं ओलांडलंत की वाऱ्यानं माझा पदर उलटा होऊन तोंडावर आला आणि वीसेक पावलं मी काही न दिसता सायकल चालवली. वाडीला पोचले तेव्हा तुम्ही पिंपळाखाली बसून बशीत चहा ओतत होतात. मी सायकल तुमच्या पुढ्यात आडवी घातली.

"किती जवळून गेलात तुम्ही? काही समजतं का?"

"समजतं की," तुम्ही म्हणालात. "चार बोटं."

मला वाटलं होतं तुम्ही एकतर माफी मागाल, नाहीतर नाकबूल कराल. तुम्ही तर माप सांगितलंत, तेही भाव सांगावा इतक्या सहज.

"चार बोटं हे काय अंतर झालं?"

"आवं बाई, आमच्या मेढ्याकडं चार बोटं म्हंजी लय झालं. घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या की हिकडं दरड आन् तिकडं दरी. दोन बोटांत गाडी निघती. तुमचा सपाटीचा मुलूख, म्हणून म्या दोन बोटं जास्तीची सोडतो."

"तुम्ही बसता उजवीकडं, मी असते डावीकडं. मी तुम्हाला दिसते तरी का?"

"दिसत न्हाई," बशी तोंडाला लावता लावता तुम्ही म्हणालात. "कळतं."

मी मुल्लांकडं वळून म्हणाले, "तक्रारवही द्या."

त्या वहीची सगळ्या गाडीला आधी गंमत वाटली. प्रत्येक कंडक्टरकडं तक्रारवही असते आणि कुणी मागितली तर ती द्यावीच लागते, हे वाडीत कुणाला माहीतच नव्हतं. मुल्लांना ती डब्याच्या तळातून शोधून काढावी लागली, तिच्यात एक वाळलेलं विड्याचं पान निघालं. मी पिंपळाच्या पारावर बसून शुद्धलेखनाच्या सगळ्या नियमांसह लिहिलं: चालकाने सायकलस्वारास ओलांडताना केवळ एक वीत अंतर ठेवले. मुल्लांनी ते वाचून दाखवलं. तुम्ही बशी खाली ठेवलीत.

"वीत न्हाई बाई, चार बोटं. खोटं लिवू नका."

"अहो, वीत लिहिलं तर तुमच्याच फायद्याचं आहे."

"फायद्याचं असंल. पर वीत न्हवती."

मी 'एक वीत' खोडून 'चार बोटे' केलं आणि खाली सही केली, सुमन पेठकर, सहशिक्षिका. तुम्ही चहावाल्याला हाक मारलीत, "बाईंस्नी एक कप सांग रं, लिवून हात दुखला असंल." आणि मी तो चहा घेतला. तक्रार करायची आणि ज्याची तक्रार केली त्याचा चहा प्यायचा, हे मला शोभलं नाही असं आमच्या हेडमास्तरांचं मत पडलं. पण नऊ किलोमीटर सायकल मारून आलेल्या बाईपुढं आल्याचा चहा ठेवून बघा म्हणावं.

पाच वर्षं आपलं हे चाललं. आठवड्यातून एखादी तक्रार, त्यात तुमची एखादी दुरुस्ती. "आज तीन बोटं लिवा, समोरनं ट्रॅक्टर आला हुता." "आज पाच बोटं हुती बाई, आज कशापायी लिवता?" वरच्या कचेरीत त्या तक्रारी कोण वाचत होतं देव जाणे. उत्तर कधी आलं नाही. वही भरली की नवी वही यायची, आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर माझंच अक्षर. गाडीतली माणसं मला ओलांडून पुढं जाताना मागच्या काचेतून बोटं दाखवायची, कुणी तीन, कुणी चार. मी घंटी वाजवायची.

आणि आपलं ते दोन हातांचं भांडण! मी म्हणायची, सायकल ही डुगडुगणारी वस्तू आहे. खड्डा आला, कुत्रं आडवं आलं, शिंक आली, तरी ती हातभर इकडं किंवा तिकडं जाते. म्हणून मोटारीनं दोन हात सोडायलाच हवेत. तुम्ही म्हणायचात, कुणाचा हात? तुमचा की माझा? मग चहावाल्याच्या सुतळीनं दोघांचे कोपरापासून बोटापर्यंत हात मोजले, आणि तुमचा माझ्यापेक्षा तीन बोटं लांब भरला. "मंग तुमच्या हातानं धरू," तुम्ही उदारपणे म्हणालात. "पर बाई, तुमच्या उजव्या अंगाला दोन हात सोडले, की माझी उजवी चाकं मातीत. माझ्या गाडीत साठ माणसं. तुमी एकल्या."

"एकटी आहे म्हणून काय झालं?"

"काय न्हाई झालं. पर साठ हाईत, त्येंचं बी बगाय लागतं."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून मी आवाज चढवला. उत्तर नसलं की मी आवाज चढवते, हे माझ्या वर्गातल्या मुलांनाही ठाऊक आहे.

शेवटी मी शाळेतली मीटरपट्टी आणली. दोन हात म्हणजे साधारण एक मीटर, हे तुम्हाला कबूल होतं. ती कॅरिअरला आडवी बांधली, सगळीच्या सगळी उजवीकडं बाहेर, टोकाला लाल फीत. आता काय करतील बघू, असं म्हणत मी ऐटीत निघाले. तुम्ही आलात, भोंगा दिलात आणि गेलात. पट्टी जागच्या जागी होती, फीत मात्र गायब. वाडीला पोचले तर तुमच्या गाडीच्या डावीकडच्या एका खिडकीच्या गजात ती फडफडत होती. तुम्ही ती काढून, घडी घालून माझ्या हातात दिलीत. "उजवी चाकं मातीत घालून पट्टीपास्नं चार बोटं सोडली हुती बाई, फीत तेवढी लांब निघाली." म्हणजे मला दोन हात आणि वर चार बोटं मिळाली होती, पण जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. त्याच दुपारी त्या पट्टीत आमच्या हेडमास्तरांच्या धोतराचा सोगा अडकला, आणि ते माझ्या सायकलमागं बरंच अंतर चालत आले. चालत म्हणजे पळत. पट्टी जप्त झाली.

पण एक दिवस मी तुमच्या बाजूनं बसून बघितलं, ते तुम्हाला कधी बोलले नाही. माझा टायर फुटला होता. तुम्ही गाडी थांबवलीत, स्वतः शिडी चढून माझी सायकल टपावर ठेवलीत, आणि मला तुमच्या मागच्या बाकावर बसवलंत. वाटेत एक म्हातारा सायकलवर, मागं गवताचा भारा. मी मनात म्हटलं, आता बघते हा माणूस काय करतो. तुम्ही भोंगा दिलात, गाडीचा वेग उतरवलात. गाडीत कुणीतरी मोठ्यानं हसत होतं, त्याला हातानं गप्प केलंत. आणि म्हातारा पूर्ण मागं पडेपर्यंत तुम्ही श्वास घेतला नाहीत. मी तुमच्या पाठीमागूनच बघत होते, खांदे हललेच नाहीत. मग हळूच सोडलात. मला ओलांडताना तुम्ही बिडी पेटवत असाल, मुल्लांशी गप्पा मारत असाल, अशीच माझी पाच वर्षं समजूत. रोज सकाळी एक माणूस माझ्यासाठी श्वास रोखून धरतो हे त्या दिवशी कळलं. त्यानंतर दोन आठवडे मी तक्रार लिहिली नाही. मुल्लांनी विचारलं, "बरं न्हाई का बाई?"

आता त्या दिवसाचं सांगते.

शाळेची तपासणी होती. मी नवी इरकल नेसले होते, काठ अजून कडक. माझ्या सायकलचं चेनकव्हर सैल झालं होतं. सायकलवाल्यानं मला तीनदा सांगितलं होतं, "बाई, दोन मिनिटं थांबा, पिळून देतो." तीनही वेळा मी म्हणाले होते, उद्या. हळदीच्या शेतांजवळ तुमचा भोंगा ऐकू आला. तुम्ही आलात. लाल पत्रा, पत्र्यावरचे गोल खिळे, सगळं माझ्या उजव्या हाताशेजारून सरकत गेलं. चार बोटं होती. मी पाच वर्षं ते अंतर बघत होते, मला चुकणं शक्य नाही. गाडीची मागची बाजू माझ्या पुढं गेली, आणि मग चेननं माझ्या निऱ्या धरल्या. सायकल थांबली, मी नाही थांबले. सरळ डावीकडं, नुकतंच पाणी पाजलेल्या हळदीच्या वाफ्यात.

मागच्या काचेतून बोटं दाखवणाऱ्यांनी आरडाओरडा केला. तुम्ही गाडी थांबवून पळत आलात, मागून साठ माणसं. मी चिखलात बसले होते. इरकल गुडघ्यापर्यंत फाटलेली, एक चप्पल कुठं गेली पत्ता नाही. तुमचा चेहरा पांढराफटक.

"बाई, गाडी लागली का वो?"

खरं सांगायचं तर काय सांगायचं होतं? की दोन हात, दोन हात म्हणून पाच वर्षं गाव डोक्यावर घेतलेली बाई स्वतःच्याच लुगड्यात अडकून पडली? वाडीला दसऱ्यापर्यंत हसायला पुरलं असतं. त्या साठ जणांतले वीस माझ्या वर्गातल्या मुलांचे पालक होते. मी तुमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "लागली."

वह्याच्या वह्या भरून जे झालं नाही ते या एका शब्दानं झालं. पोलीसपाटील आले. एक शेतकरी पुढं होऊन म्हणाला, "म्या बगितली की, धाडकन लागली." तो साऱ्या वेळात बांधाकडं तोंड करून बसला होता, मी पडताना त्याची पाठच मला दिसली होती. पण मीच खोटं बोलल्यावर त्याला काय बोलणार!

चौकशीला सांगलीला बोलावलं. तुम्ही इस्त्रीचा गणवेश घालून आला होतात. साहेब चांगला माणूस होता, तो माझ्याकडं संशयानं बघत होता आणि बरोबर बघत होता. "बाई, गाडी तपासली. साधा ओरखडासुद्धा नाही. तुमची खात्री आहे ना?" मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच उठून उभे राहिलात.

"सायेब, बाई खोटं लिवत न्हाईत. एकदा वीत लिवलं हुतं, तर म्या सांगितल्यावर खोडून चार बोटं केलं त्यांनी. त्या लागली म्हणत्यात म्हंजी लागली. माजाच अंदाज चुकला."

साहेबांनी माझ्यापुढं चहा आणि बिस्किटं ठेवली होती. माझ्या तोंडात बिस्किट होतं, धनावडे. मी ते चघळत बसले. तेवढ्यात साहेबांनी फाईल मिटली.

मागाहून मुल्लांकडून कळलं ते असं. पंचवीस वर्षं अपघात न करता गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला छातीवर लावायचा बिल्ला मिळतो, जोडीनं सत्कार होतो. तुमची पंचवीस वर्षं भरायला चार महिने उरले होते. तुम्ही मला हे कधी सांगितलं नाहीत. तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात, आठवडाभरानं, पिंपळाखाली.

"बाई, एक इचारू? कुठं लागली? मला तर चार बोटं कळली हुती."

"हँडलला," मी म्हणाले. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा बोलायला आणखीच सोपं जातं.

तुम्ही मान हलवलीत. मग डावा हात हवेत धरून बोटं थोडी उघडलीत, थोडी मिटलीत, पुन्हा उघडलीत. ती चार बोटं कुठं गेली ते शोधत होतात. त्यानंतर मी तुम्हाला तसं करताना पुष्कळदा बघितलं.

मग तुम्ही मिरजेला डोळे दाखवलेत. डॉक्टर म्हणाले, नंबर नाही. तुम्ही म्हणालात, "न्हाई कसा? असंलच. नसंल तर बिननंबरचा द्या, पर चष्मा द्या." आणि काळ्या जाड काडीचा चष्मा घालून आलात. त्या चष्म्यातून तुम्हाला पहिल्याइतकंच दिसत होतं, फक्त आता विश्वास बसत नव्हता.

आणि मग सुरू झाली वाडीच्या गाडीची वरात. माझ्या डाव्या-उजव्या बाजूला दोन हात मोकळे असल्याशिवाय तुम्ही मला ओलांडायचं सोडलंत, आणि त्या डांबरावर दोन हात मोकळे कुठंच नव्हते. त्यामुळं मी पुढं आणि साठ माणसांची गाडी माझ्यामागं, पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत, नऊ किलोमीटर. खिडक्यांतून डोकी बाहेर. "बाई, जरा पायडल मारा की!" "आवं बाई, वाडीत लग्नाचा म्हूर्त हाय!" "बाई, म्हशीची धार काढायची हाय, घेऊ का हितंच?" माझी दमछाक व्हायची. मी उसाच्या गाडीमागं राहिले, तर उसाची गाडी, मी आणि तुम्ही. गावात कुणाला उशीर झाला की लोक विचारायचे, बाईंच्या मागं होतास का? माणसं खासगी वडापच्या जीपनं जायला लागली. त्या जीपवाल्यांनी दिवाळीला मला फराळाचा डबा पाठवला.

मी लवकर निघून बघितलं, तर पहाटेपासून पाण्याला आलेल्या बायका रस्त्यावर, त्यांच्यातून वाट काढेपर्यंत तुमची गाडी मागं हजर. उशिरा निघून बघितलं, तर हेडमास्तर दारात. मग मी एक दिवस तुमचा भोंगा ऐकून सायकलवरून उतरले, मातीत जाऊन उभी राहिले आणि हात केला, जा. तुम्ही गाडी थांबवलीत आणि खिडकीतून हात केलात, आधी तुम्ही. मी म्हटलं, मी उतरलेय, जा! तुम्ही म्हणालात, "न्हाई बाई, तुमी डांबरावर चढताना सायकल डुगडुगती." मोकळा रस्ता, चिटपाखरू नाही, आणि आपण दोघं एकमेकांना हात करत उभे. शेवटी मुल्ला उतरले. त्यांनी एका हातानं मला थोपवलं, दुसऱ्या हातानं तुम्हाला बोलावलं, शिट्टी वाजवली, आणि सांगलीच्या चौकातल्या पोलिसासारखी तुमची गाडी काढून दिली.

मी हसले होते तेव्हा. वाडीपर्यंत एकटीच हसत गेले, आणि शाळेच्या फाटकाशी सायकल टेकवताना रडू आलं. घाटात दोन बोटांत गाडी काढणारा माणूस एका बाईच्या सायकलला भिऊन उभा राहतो, ते माझ्यामुळं. तुमचा अंदाज मी मोडला, धनावडे. डोळे शाबूत होते, अंदाज शाबूत होता, मी तो हळदीच्या वाफ्यात बसून मोडला.

हे सांगायला मी तुमच्या निरोपाच्या दिवशी स्टँडवर आले होते. पाठ केलेलं वाक्य घेऊन. तुमच्या गळ्यात झेंडूचे हार, गाडीलाही हार. मला बघून तुम्ही गर्दीतून पुढं आलात, एक हार काढून माझ्या सायकलच्या हँडलला घातलात, खंडेनवमीला घालायचात तसा. मी म्हटलं, "धनावडे, मला तुम्हाला—" तुम्ही मध्येच म्हणालात, "बाई, तुमच्यामुळं वेळंवर कळलं. अंदाज गेलेला मला समजलाच नसता, आन् एखाद्याचा जीव गेला असता. देवानं तुमाला पाठवलं बगा." आता यावर कसं बोलावं? मी म्हणाले, "असू दे, असू दे." एवढंच म्हणाले आणि हारासकट सायकल घेऊन निघाले.

तर परवा मुल्लांबरोबर तुमच्या घरी. वहिनींनी मला दारातच ओळखलं. "दोन हातवाल्या बाई तुमीच न्हवं?" मग त्या सांगत बसल्या, रडता रडता हसत. की तुम्ही घरी आल्यावर चालतानासुद्धा भिंतीपासून दोन हात लांबून चालायचात. की गोठ्यात म्हशीच्या बाजूनं जाताना थांबून तिला आधी जायला सांगायचात. की चष्म्यानं नाकावर वळ पडला होता, तरी झोपतानाच तेवढा काढायचात. चष्मा देवळीत ठेवला होता. "सत्कार काय झाला न्हाई," त्या म्हणाल्या. "बरं झालं बाई. मला फोटूत हुबं ऱ्हायची लाज वाटती." आणि पदरानं चष्मा पुसून पुन्हा देवळीत ठेवला.

मी तिथंच सांगून टाकलं. चेनकव्हर, निऱ्या, इरकल, सगळं. सांगताना आवाज चढला नाही. वहिनींनी चष्मा देवळीतून पुन्हा खाली घेतला.

"मंजी लागलीच न्हवती?"

"नाही."

"त्येंचा अंदाज बरूबर हुता?"

"अगदी बरोबर होता."

"मंग त्यास्नी का सांगितलं न्हाईसा?"

"धीर झाला नाही, वहिनी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला सांगून काय उपेग?" त्या म्हणाल्या. "लिवा की. तुमाला लिवायची लय हौस हाय न्हवं? जिथं लिवत हुतासा तिथंच लिवा." मग उठून चहा टाकला. तुमच्याच घरचा चहा, आल्याचा. मी तोही घेतला.

धनावडे, एक सांगून ठेवते. मी खोटं बोलले हे खरं, पण चार बोटं हे काही अंतर नव्हे. तुम्ही श्वास रोखून धरत होतात म्हणून निभावलं. सगळे ड्रायव्हर कुठले श्वास रोखायला! दोन हात सोडायलाच हवेत. माझ्या खोटेपणानं माझं म्हणणं खोटं ठरत नाही. तुम्ही इथं असता तर साठ माणसांचं काढलं असतं, मला माहीत आहे. माझ्याकडं अजून त्याचं उत्तर नाही. पण भांडायला मी पिंपळाखाली रोज येऊन बसले असते.

साताऱ्याहून सांगलीची गाडी पकडली. मुल्ला बाकावर डुलक्या घेत होते. कंडक्टर तिकीट द्यायला आला, मी म्हटलं, "तक्रारवही द्या." तो घाबरला. "काय झालं मॅडम? ड्रायव्हरनं काय केलं?"

"काही नाही केलं," मी म्हणाले. "तेच लिहायचंय."

वही नवी होती. गाडी हलत होती तरी अक्षर नीट काढलं. तक्रार कोणाविरुद्ध: सुमन पेठकर, सहशिक्षिका. तक्रारीचं स्वरूप: त्या दिवशी वाडीच्या रस्त्यावर चालक धनावडे यांची गाडी मला लागली नव्हती. मी माझ्या चुकीने पडले व खोटे बोलले. त्यांचा अंदाज बरोबर होता. गाडी आणि माझ्यामध्ये एक वीत अंतर होते.

सही केली. पेनाला टोपण लावलं. मग टोपण पुन्हा काढलं, 'एक वीत' खोडलं आणि 'चार बोटे' लिहिलं.